जाहिरात बोलावते, नाका घालवतो
पर्यटनाचा बाजार : लेखांक ६

मागच्या लेखात पर्यटनाच्या जाहिराती कशा तयार होतात ते पाहिलं. त्या भुलवणीने माणूस गावात पोचल्यावर काय होतं, ते आज पाहू.

'हिंदुस्तान का दिल देखो' हे मध्य प्रदेश पर्यटनाचं घोषवाक्य टीव्हीमुळे मराठी घरांतही ओळखीचं झालं. ते ऐकून जबलपूरला गेलेलं कुटुंब दिवसा भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुआँधार धबधबा पाहतं, अन् संध्याकाळी काळपट, जाडजूड खव्याच्या जलेबीसाठी बड़ा फुहारा गाठतं. कारंज्याच्या या चौकाभोवती जुन्या शहराची बाजारपेठ पसरलेली आहे. जवळच कमानिया गेट, १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक. पण ते निवांत पाहायला उभं राहायचं कुठे? मान वर केली की मागून ई-रिक्षाचा हॉर्न आणि पुढ्यात हातगाडी. गर्दी ही बाजाराची शोभाच. पाहुण्याला पाय टेकायला जागा नसणं ही मात्र व्यवस्थेतली उणीव आहे.

ग्राहकाचं समाधान नुसत्या वस्तूच्या दर्जावर ठरत नाही. मनात धरलेली अपेक्षा आणि हाती आलेला अनुभव यांतल्या अंतरावर ते ठरतं, अशी मांडणी अमेरिकी अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये केली. पर्यटनात ती फार झोंबते. जाहिरात जितकी देखणी, तितकी अपेक्षा उंच. मग साधी गैरसोयही फसवणूक वाटू लागते.

केंद्र सरकारलाही हे उमगलं होतं. 'इन्क्रेडिबल इंडिया' मोहीम २००२ मध्ये सुरू झाली आणि तीनच वर्षांत 'अतिथि देवो भव' ही दुसरी मोहीम काढावी लागली. पहिली पाहुण्यांसाठी होती, दुसरी यजमानांसाठी : टॅक्सीवाले, गाइड, विमानतळावरचे कर्मचारी.

महाराष्ट्रात याचं सर्वांत बोलकं उदाहरण माथेरानचं. तिथे खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे पायी जा, घोडा करा, ई-रिक्षा घ्या किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी पकडा. पण सामान हातात, पोरं कडेवर अशा अवस्थेत उतरलेल्या नवख्या माणसाला ही माहिती आधी देतो कोण? एजंट. गाडी बंद आहे, ई-रिक्षा मिळणार नाही, चालणं झेपणार नाही, असं सांगून त्याच्या गळ्यात महागडा घोडा मारला जातो, अशा तक्रारी वाढत गेल्या. अखेर १८ मार्च २०२५ला माथेरान पर्यटन बचाव संघर्ष समितीने बेमुदत बंद पुकारला. पर्यटकांची दिशाभूल थांबवा, ही स्थानिकांचीच मागणी होती. चर्चेनंतर बंद मागे घेतला गेला.

ज्यांची चूल पर्यटकांवर पेटते त्यांनीच दुकानांना कुलपं लावली, यातच सगळं आलं. नाक्यावर चार जणांनी कमावलेल्या जादा पैशांची किंमत हॉटेलवाला, चिक्कीवाला, चपलांचा दुकानदार असे सगळे मोजतात. फसलेला पर्यटक घरी जाऊन कुठल्या एजंटाने फसवलं ते सांगत नाही; 'माथेरानला जाऊ नका' एवढंच सांगतो.

जबलपूरसाठी हा धडा वेळेवरचा आहे. भेडाघाट-लमेटाघाट २०२१ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. त्याच वर्षी त्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी स्थापत्याला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालाही. उद्या भेडाघाटची पाळी आली, तर प्रसिद्धी आपोआप होईल. तयारी करावी लागेल ती घाटावरच्या ठळक दरफलकांची, पावती देणाऱ्या तिकीट खिडकीची, स्वच्छ शौचालयांची आणि बड़ा फुहाऱ्यावर पायी फिरण्यापुरत्या मोकळ्या जागेची. पर्यटन खात्यांनी पुढची जाहिरात काढण्याआधी तिच्या खर्चातला काही भाग या कामांकडे वळवावा.

(पुढील लेखात : गाइडचा परवाना आणि त्याचं प्रशिक्षण)