खासगी करिअर कॉलेजची फी भरण्यापूर्वी



बारावीचा निकाल लागला की नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतल्या पाड्यांवर खासगी कॉलेजांची पत्रके येऊन पोहोचतात. ‘शंभर टक्के नोकरी’, ‘आदिवासी मुलींना खास सवलत’, ‘मोजक्याच जागा शिल्लक’ असा मजकूर त्यांवर असतो. आपल्या शिक्षण साहाय्य निधीकडे येणारे अर्ज मी तपासते. कोणत्या संस्थेसाठी आपण पैसे देतो आणि कोणत्या संस्थेला नकार देतो, हे पुष्कळ देणगीदारांनी विचारले आहे. म्हणून आमची तपासणीची रीत येथे सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. टी.एम.ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी शिक्षणसंस्थेला वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही. म्हणून मान्यताप्राप्त कॉलेजे ट्रस्ट किंवा सोसायटीच्या नावाने चालतात. मात्र ‘अकॅडमी’, ‘करिअर इन्स्टिट्यूट’ अशा नावांची अनेक केंद्रे उघडपणे धंदा म्हणून चालवली जातात. धंदा करणे हे पाप नव्हे. काही केंद्रांत शिवणकाम, संगणक, मोबाईल दुरुस्ती चांगली शिकवतात. प्रश्न इतकाच, की मुलाच्या हाती शेवटी जो कागद येतो, तो कोण मानतो?

म्हणून पहिली तपासणी मान्यतेची. भिंतीवर आय.एस.ओ. प्रमाणपत्र, ट्रस्टची नोंदणी, उद्योग नोंदणी किंवा नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लावलेला असतो. यांपैकी एकही कागद अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. परिचारिकेसाठी ए.एन.एम. दोन वर्षांचा, तर जी.एन.एम. तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदले गेले पाहिजे. ती नोंद नसेल, तर सरकारी भरतीत अर्जच चालत नाही. पॉलिटेक्निकला एआयसीटीईची मान्यता लागते. आयटीआयमध्ये तर ज्या ट्रेडला प्रवेश घ्यायचा, त्या ट्रेडलाच मान्यता आहे का, हे पाहावे लागते. एका ट्रेडची मान्यता दाखवून दुसऱ्या ट्रेडचे प्रवेश घेतले जाऊ शकतात. आम्ही संस्थेचे नाव त्या त्या परिषदेच्या यादीत स्वतः शोधतो. कॉलेजने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबत नाही.

हे इतके बारकाईने का? आमच्या ओळखीच्या एका मुलीने शहरातल्या एका केंद्रात एक वर्षाचा ‘नर्सिंग’ कोर्स केला. वडिलांनी त्यासाठी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. मुलगी मनापासून शिकली, पहिली आली. पण नोंदणी करायला गेल्यावर कळले की तो कोर्स परिषदेच्या लेखी नाहीच. आज ती एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते आणि मदतनिसाचाच पगार घेते. उचल मात्र पूर्ण फेडावी लागली. दोन हंगाम सगळे कुटुंब तोडीवर होते आणि धाकट्या भावाची शाळा त्यात सुटली.

दुसरी तपासणी हिशेबाची. लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात, बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू शिकवतो. आम्ही पालकांना तेच करायला सांगतो. समजा, वर्षाची फी ६०,००० रुपये. वसतिगृह व जेवण महिना ३,००० प्रमाणे ३६,०००. गणवेश, पुस्तके, परीक्षा फी १०,०००. म्हणजे वर्षाला १,०६,००० आणि दोन वर्षांचे २,१२,०००. पुढे पगार १०,००० मिळाला आणि खोली-जेवणाला ६,००० गेले, तर महिन्याला उरतात ४,०००. कर्ज बिनव्याजी असले तरी फेडायला ५३ महिने लागतील. पत्रकावर फक्त पहिला हप्ता छापलेला असतो.

याच ठिकाणी शिष्यवृत्तीचा विचार येतो. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्याचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो. म्हणून मी प्रत्येक कॉलेजला विचारते, “तुमचा हा कोर्स महाडीबीटीच्या यादीत आहे का?” उत्तर टाळले गेले, तर पुष्कळ काही कळून येते.

तिसरी तपासणी प्रत्यक्ष भेटीची. न कळवता, कामाच्या दिवशी जावे. वर्ग भरले आहेत का? प्रयोगशाळेतली यंत्रे वापरातली आहेत की धूळ खात आहेत? परिचारिकांना शिकायला कोणते रुग्णालय आहे? मुलींच्या वसतिगृहात राहणारी अधीक्षिका आहे का? नोकरीच्या हमीबद्दल विचारताना गेल्या वर्षीच्या पाच विद्यार्थ्यांशी बोलायला मागावे. भिंतीवरचे फोटो पुरावा नव्हेत.

आणि कागदांबाबत एक कडक नियम: मूळ दाखला व गुणपत्रिका कॉलेजच्या ताब्यात ठेवू नयेत. दाखवाव्यात, पडताळून झाल्या की परत घ्याव्यात. युजीसी व एआयसीटीई या दोघांनीही मूळ कागद अडकवून ठेवायला मनाई केली आहे. कागद अडकले की मूल अडकते. प्रत्येक पैशाची पावती संस्थेच्याच नावाची घ्यावी, एजंटच्या नव्हे.

आता आपल्या मंडळ्यांविषयी. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटला अनेकदा प्रत्येक विद्यार्थ्यामागे पैसे मिळतात. असे लोक रविवारच्या उपासनेनंतर दोन शब्द बोलण्याची परवानगी मागतात. पाड्यावरच्या माणसाला वाटते, पाळकसाहेबांनी बोलू दिले म्हणजे कॉलेज चांगलेच असणार. पाळक व पंच यांना माझी विनंती आहे, की वरच्या तपासण्या झाल्याशिवाय कोणालाही तसे बोलू देऊ नये. आपल्यापैकी जे शिक्षक, परिचारिका, आयटीआय निदेशक आहेत, त्यांनी आपल्या गावच्या एका मुलासोबत एकदा कॉलेज पाहायला जावे. एका दिवसाची ती सोबत पुष्कळदा आपल्या देणगीहून मोठी ठरते.

नवे प्रवेश लवकरच सुरू होतील. निर्णय घेणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि अर्ज तपासणाऱ्या आम्हा सर्वांसाठी प्रार्थना करावी.