टाकून दिलेल्या खापऱ्यांचे मोल

इजिप्त देशात नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सर नगरासमोर, उजाड डोंगरांची एक रांग पसरलेली आहे. ह्या रांगेतील एका निर्जन दरीत प्राचीन इजिप्तच्या अनेक राजांची थडगी आहेत. त्यांच्या पूर्वीच्या राजांनी प्रचंड पिरॅमिड उभारले होते. परंतु दुरून दिसणारी ती स्मारके चोरांच्याही नजरेत भरत. पुढे सुमारे इ. स. पू. १५०० पासून राजांचे देह डोंगराच्या पोटात खोदलेल्या गुप्त दालनांत ठेवण्याची प्रथा पडली. १९२२ साली हॉवर्ड कार्टर ह्या इंग्रज संशोधकास तेथे तुतनखामेन ह्या तरुण राजाचे थडगे जवळजवळ अभंग स्थितीत सापडले, आणि त्यातील सुवर्णाने साऱ्या जगाचे डोळे दिपून गेले.

त्याच वर्षी, त्याच डोंगराच्या दुसऱ्या कुशीत, बेर्नार ब्रुयेर ह्या फ्रेंच पंडिताने निराळ्या उत्खननास आरंभ केला. त्या ठिकाणाचे नाव दैर अल्-मदिना. राजांची थडगी खोदणारे पाथरवट, त्यांच्या भिंती रंगविणारे चित्रकार आणि कामाची नोंद ठेवणारे लेखनिक ह्यांचे ते गाव होय. तटाच्या आत एकमेकांस लागून असलेली अडुसष्ट लहान घरे, मधून जाणारा अरुंद रस्ता आणि शेजारच्या टेकडीवर गावकऱ्यांची स्वतःची थडगी, एवढाच त्याचा विस्तार. गावात पाण्याची सोय नव्हती. नदीकडून गाढवांच्या पाठीवर पाणी आणावे लागे. महायुद्धाचा काळ सोडल्यास ब्रुयेर १९५१ पर्यंत तेथे खपत राहिले.

ह्या परिश्रमांतून हाती आलेले सर्वांत मोलाचे धन म्हणजे केरकचरा! गावाजवळ सुमारे पन्नास मीटर खोल असा एक मोठा खड्डा आहे. पाण्यासाठी खणलेल्या ह्या खड्ड्यास पाणी लागले नाही, तेव्हा गावकऱ्यांनी त्यात केर टाकण्यास प्रारंभ केला. त्या केरात लिहिलेल्या सुमारे पाच हजार खापऱ्या व चुनखडीच्या कपच्या मिळाल्या. पपायरसचा कागद महाग असल्याने रोजच्या टिपणांसाठी लोक फुटक्या मडक्यांचे तुकडेच वापरीत. आपल्या मोडीप्रमाणे झरझर लिहिता येणाऱ्या लिपीतील तो मजकूर वाचण्यासाठी यारोस्लाव चेर्नी ह्या चेक विद्वानाने आपले आयुष्य वेचले.

ह्या गावचे असे लेख आज अनेक देशांतील संग्रहालयांत आहेत. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील एका कपचीवर, राजा दुसरा रामेसिस ह्याच्या कारकीर्दीच्या चाळिसाव्या वर्षी कोण कामगार कोणत्या दिवशी गैरहजर होता, ह्याची नोंद आहे. कोणास विंचू चावला होता, कोणाचे डोळे आले होते, कोणी घरी बिअर गाळीत होता, तर कोणी आपल्या मातेच्या अंत्यसंस्कारात गुंतला होता. तीन सहस्र वर्षे उलटून गेली, तरी ही कारणे आजच्या वाचकास परकी वाटत नाहीत.

नौनख्त नावाच्या वृद्ध स्त्रीचे मृत्युपत्रही ह्याच गावातील आहे. तिला आठ अपत्ये होती. वार्धक्यात ज्यांनी आपला सांभाळ केला नाही, त्यांना आपल्या मालमत्तेचा वाटा मिळणार नाही, असे तिने न्यायसभेपुढे सांगितले, आणि ते विधिपूर्वक लिहून ठेवण्यात आले. स्त्रीस स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा व ती आपल्या इच्छेप्रमाणे देण्याचा अधिकार त्या समाजात होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

कामगारांचे वेतन धान्याच्या रूपाने मिळे: पोळीसाठी गहू आणि बिअरसाठी जव. तिसऱ्या रामेसिसच्या कारकीर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे सुमारे इ. स. पू. ११५७ मध्ये, हे धान्य थकले. तेव्हा कामगार हत्यारे खाली ठेवून तटाबाहेर पडले आणि देवालयाजवळ जाऊन बसले. भूक व तहान ह्यांनीच आम्हांस येथे आणले आहे, अंगावर वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. शेवटी त्यांना धान्य देणे भाग पडले. ज्याची लेखी नोंद उपलब्ध आहे असा हा जगातील पहिला संप मानला जातो. ती नोंद इटलीतील तुरीन येथील संग्रहालयात जतन केलेली आहे.

देह सुरक्षित राहिला आणि नित्याच्या वस्तू जवळ असल्या, तर मृत्यूनंतरही जीवन चालू राहते, अशी इजिप्शियन लोकांची श्रद्धा होती. म्हणून हे कामगार राजांची थडगी खोदून उरलेल्या वेळात स्वतःचीही थडगी तयार करीत. १९०६ साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली ह्यांना ह्या गावच्या टेकडीत खा नावाच्या कामांवरील अधिकाऱ्याचे व त्याची पत्नी मेरित हिचे थडगे सापडले. त्यात पलंग, कपडे, भाकरी, प्रसाधनाची पेटी, मेरितचा केसांचा टोप आणि खाची मोजपट्टी ह्या वस्तू होत्या. मेरित आधी निवर्तली असावी. कारण तिचा देह ज्या शवपेटीत होता, तिच्यावर नाव खाचे होते. स्वतःसाठी करविलेली पेटी त्याने पत्नीस दिली. संशोधकांनी ह्या दोन्ही देहांवरील वस्त्रे कधीही उकललेली नाहीत. क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी आतील अलंकार व अस्थी पाहिल्या. ज्ञानाची जिज्ञासा आणि मृतांविषयीचा आदर ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे ह्यावरून दिसते.

राजांनी आपले नाव अमर व्हावे म्हणून डोंगर पोखरले. परंतु त्यांची बहुतेक थडगी प्राचीन काळीच लुटली गेली. खड्ड्यातील खापऱ्यांना मात्र कोणी हात लावला नाही; कारण चोरांच्या लेखी त्यांचे मोल शून्य होते. त्यामुळेच पाथरवटाची भूक, मातेचे दुःख आणि पतीचे प्रेम आज वाचता येते. इतिहास हा केवळ राजांचा नसतो, श्रम करणाऱ्यांचाही असतो, ह्याची साक्ष ह्या टाकून दिलेल्या खापऱ्या देत आहेत.