संगमावरचं सेल्फ

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवपाशी पूर्णा तापीला मिळते. खाली हतनूर धरणाच्या 41 दरवाजांनी पाणी अडवल्यामुळे संगमावर नदी तळ्यासारखी पसरलेली असते. श्रावणात चित्र पालटतं. मुलताई-बैतूलकडे आणि मेळघाटात पाऊस लागला की दोन्ही नद्या एकदमच चढतात, आणि काठावरच्या माणसांना बोटीची गरज पडते. वल्ह्याने हा प्रवाह कापता येत नाही. बोटीच्या मागच्या फळीला टांगलेलं ते इंजिन लागतं, बचावपथकांच्या तोंडी असलेलं 'ओबीएम'. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात असते, पण ती पोहोचेपर्यंतचे तास जवळच्या बोटीवर काढावे लागतात.

ही बोट वर्षाचे दहा महिने शेडमध्ये पडून असते. माझं ठाम मत असं की जुन्या इंजिनाचं सेल्फ, म्हणजे चावीने इंजिन सुरू करणारी मोटर, वापराने कमी आणि पडून राहण्याने जास्त बिघडतं. पावसाळी दमट हवेने टर्मिनलवर हिरवट-पांढरा बुरशीसारखा थर धरतो, सेल्फच्या आतले कार्बन ब्रश आपल्या खाचेत अडकतात, बॅटरी कोणी न वापरताही उतरत जाते. मग पुराच्या दिवशी चावी फिरवली की नुसतं 'टक्'.

त्या आवाजाकडे नीट कान द्यायला हवा, कारण निदानाचा निम्मा भाग तिथेच होतो. 'टर्र-टर्र' असा भराभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही किंवा जोडणी सैल आहे. एकच जड 'टक्' आला तर मोटरला करंट जोडणारा सोलेनॉइड ओढतोय, पण पुढे मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाही, नाहीतर मोटर किंवा खुद्द इंजिनच जाम आहे. मोटर 'घूं' करून फिरते पण इंजिन हलत नाही, तेव्हा मोटरच्या टोकावरच्या बेंडिक्सचा छोटा पिनियन वर उचलून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाहीये. त्याच्या मळसूत्रावर जुनं ग्रीस वाळून चिकटलेलं असतं. आणि काहीच आवाज नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच, आणि ज्याला सगळे विसरतात तो न्यूट्रलचा स्विच. गिअर किंचित पुढे असला तरी सेल्फ मुकं राहतं. आधी लिव्हर हलवून बघा. मेकॅनिक बोलावल्यावर ही गोष्ट कळणं फार जिव्हारी लागतं.

पुढचं काम मीटरचं. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा दहाच्या खाली कोसळला तर बॅटरीच संशयित. आकडा टिकतोय आणि मोटर मात्र कण्हतेय, तर विजेचा दाब वाटेत कुठेतरी गळतोय. मोटरच्या खुंटीवर मीटर लावलं की कळतं. बहुतेक वेळा दोषी निघते ती इंजिनाच्या अंगाला कसलेली जमिनीची, म्हणजे निगेटिव्हची वायर. गंजलेला बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकाकेपर्यंत घासायच्या, घट्ट कसायचं. नवी बॅटरी आणण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करावं. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. मध्ये दोनेक मिनिटं मोटर थंड होऊ द्यावी, नाहीतर वाइंडिंग जळते.

सोलेनॉइडच्या दोन जाड खुंट्यांना स्क्रूड्रायव्हर टेकवून बघण्याची गॅरेजमधली युक्ती पाण्यावर धोक्याची आहे: तिथे ठिणगी उडते आणि जवळच पेट्रोलची टाकी असते. तो प्रयोग काठावरच, टाकी लांब ठेवून करावा.

बोट पूर्ण पाण्याखाली गेली असेल तर सेल्फ मारूच नये. प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवावं. सिलिंडरमधलं पाणी बाहेर पडतं. पाणी दाबलं जात नाही, आणि तसाच जोर लावला तर आतला कनेक्टिंग रॉड वाकतो.

1909 साली ओले एव्हिनरूडने अमेरिकेत असं इंजिन विकायला सुरुवात केली, तेव्हा सेल्फ नव्हतंच. फ्लायव्हील हाताने फिरवायचं. आजही बऱ्याच इंजिनांच्या फ्लायव्हीलच्या कडेला दोरीची गाठ अडकवायची खाच असते. एव्हिनरूडची निर्मिती 2020 मध्ये थांबली, त्यामुळे जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळवणं आणखी कठीण. पण दोरीचा तुकडा कुठेही मिळतो. ही दोरी न्यूट्रलचा स्विच जुमानत नाही, म्हणून ओढण्याआधी गिअर डोळ्यांनी तपासावा, नाहीतर इंजिन सुरू होताच बोट उसळते आणि उभा माणूस पाण्यात जातो.

ज्येष्ठात कोथळीहून मुक्ताईची पालखी पंढरीला निघते, तेव्हा हतनूरचं पाणी खूप खाली गेलेलं असतं. त्याच दिवसांत इंजिन बाहेर काढावं, पंखा पिंपात बुडवून सुरू करावं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर क्षणात जळतो. टू-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेकदा लिटरला 20 मिली ऑइल घालून ताजं पेट्रोल भरावं. सेल्फ दोनदा मारावं, एकदा दोरीनेही सुरू करून पाहावं, आणि ती दोरी इंजिनाच्या झाकणाखाली परत ठेवावी.