जलतरण तलावातील कृत्रिम धबधबा

जलतरण तलावातील कृत्रिम धबधबा म्हणजे तलावातीलच पाणी पंपाने उंचावर नेऊन धारेच्या किंवा पडद्याच्या रूपाने पुन्हा तलावात सोडणारी रचना होय. नवा तलाव बांधतानाच ती योजली जाते किंवा जमिनीत बांधलेल्या जुन्या तलावाला नंतर जोडली जाते. नंतर जोडताना पंपाची क्षमता, काठावर येणारा भार आणि तलावाखालील भूजल यांचा आधी विचार करावा लागतो. पालघर जिल्ह्यातील वसई-विरारसारख्या किनारी प्रदेशात यांपैकी भूजलाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

वसई-विरार परिसर

वसई-विरारच्या पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगररांगा असून तुंगारेश्वर व चिंचोटी येथील नैसर्गिक धबधबे पावसाळ्यात वाहतात. पश्चिमेकडील अर्नाळा, कळंब, राजोडी इत्यादी किनारी भागांत जलतरण तलाव असलेली अनेक रिसॉर्ट आहेत.

पाणी उचलून उंचावरून सोडण्याचे तत्त्व या भागाला नवे नाही. वसईच्या वाड्यांमध्ये पूर्वी विहिरींवर व बावखलांवर रहाट चालत. माळेला बांधलेल्या गाडग्यांतून वर आलेले पाणी पन्हळीत पडे आणि पाटांतून केळी व पानवेलींना जाई. बावखल म्हणजे वाडीलगत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. थोडे खोदताच पाणी लागत असल्यामुळेच अशी तळी येथे शक्य झाली. आजच्या तलावाच्या बांधकामात मात्र हेच उथळ भूजल अडचणीचे ठरू शकते.

रचना व कार्य

धबधब्याचे मुख्य भाग म्हणजे शोषण नळी, पंप, चढती नळी, झडप, वरचे कुंड आणि पाणी सोडणारी कड. पंपातून आलेले पाणी थेट कडेवर न सोडता आधी कुंडात शांत होऊ दिले जाते. त्यामुळे धार एकसारखी पडते.

एक मीटर रुंद कडेवरून सुमारे दीड सेंटिमीटर उंचीचा प्रवाह सोडण्यासाठी मिनिटाला साधारण २०० लिटर पाणी लागते. कड अचूक समपातळीत असणे आवश्यक असते. एक टोक दुसऱ्यापेक्षा केवळ पाच मिलिमीटर खाली असले, तरी त्या बाजूने दुसऱ्या बाजूच्या दीडपटीहून अधिक पाणी वाहते आणि पडदा फाटतो.

घर्षणासह एकूण पाच मीटर उंचीचा विरोध आणि पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास एवढ्या प्रवाहासाठी सुमारे ३३० वॅट, म्हणजे जवळपास अर्ध्या अश्वशक्तीचा पंप लागतो. तो रोज पाच तास चालल्यास सुमारे १.६ युनिट वीज खर्च होते.

पंपाची निवड

जुन्या तलावात गाळणीचा पंप आधीच बसवलेला असतो. त्याच्या परतीच्या नळीला फाटा काढून धबधबा चालवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, पण तो नेहमी पुरत नाही. उदाहरणार्थ, ४५ घनमीटर पाणी सहा तासांत एकदा गाळायचे असल्यास पंपाचा प्रवाह मिनिटाला १२५ लिटर असतो. वरील धबधब्याला २०० लिटर हवे असल्यामुळे धार तुटक पडते आणि तलावातील इतर तोट्यांना पाणी उरत नाही. अशा वेळी धबधब्यासाठी स्वतंत्र पंप बसवणे योग्य ठरते.

पाया व भार

बेसॉल्टच्या एका घनमीटर दगडाचे वजन तीन टनांच्या जवळपास भरते. तलावाची भिंत पाण्याचा व बाजूच्या मातीचा दाब पेलण्यासाठी बांधलेली असते. तिच्या काठावर दगडांची रास रचल्यास तडे जाऊ शकतात. म्हणून धबधब्याला भिंतीपासून वेगळा पाया देतात किंवा तंतुमिश्रित सिमेंटचे पोकळ, हलके खडक वापरतात. चढती नळी शक्यतो काठावरून नेली जाते. भिंतीला भोक पाडल्यास तेथील जलरोधक थर पुन्हा काळजीपूर्वक करावा लागतो.

भूजलाचा धोका

बांधकामासाठी तलाव रिकामा करणे हा या कामातील सर्वांत धोक्याचा टप्पा असतो. भरलेल्या तलावातील पाण्याचे वजन खालून येणारा भूजलाचा दाब तोलून धरते. ते वजन काढून घेताच हा तोल बिघडतो. भूजल तलावाच्या तळापेक्षा एक मीटर वर असल्यास प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन उचल येते. आठ मीटर लांब व चार मीटर रुंद तळावर ही उचल ३२ टन होते. तिच्यामुळे तळाला तडे जातात, फरशी उखडते, क्वचित संपूर्ण तलावच वर सरकतो.

त्यामुळे किनारपट्टीत पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताच तलाव रिकामा करू नये. उन्हाळ्यात जवळच्या विहिरीतील पाण्याची पातळी मोजून, तळाला दाबमुक्ती झडप आहे की नाही हे पाहूनच काम हाती घ्यावे. काठावरचे बरेचसे काम तलाव न उपसताही करता येते.

पाण्याची गुणवत्ता

पडणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व पाण्याचा सामू वाढतो. सामू वाढल्यावर क्लोरीनचा जंतुनाशक परिणाम कमी होतो, म्हणून चाचणी अधिक वेळा घ्यावी लागते. बाष्पीभवन व तुषारांमुळे पाणीही अधिक खर्च होते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी खारट असल्यास धातूचे भाग लवकर गंजतात. धबधबा बंद असताना कुंडात पाणी साचून राहिल्यास डासांची पैदास होते, म्हणून त्याला निचरा ठेवतात.

सुरक्षितता

शोषणाचे एकच तोंड असल्यास पोहणाऱ्याचे केस किंवा शरीर त्यावर खेचले जाऊन अडकण्याची भीती असते. म्हणून एकमेकांपासून दूर अशी दोन तोंडे ठेवून त्यांवर सुरक्षित जाळीदार झाकणे बसवतात. पंपाच्या वीजजोडणीला भूसंपर्क आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक असतो. खडक चढण्याजोगे ठेवल्यास मुले त्यांवरून उडी मारतात. तेथे पाणी उथळ असेल तर मान व मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे खडकांची रचना चढता येणार नाही अशी करणे हिताचे असते.