तेल घट्ट, गाडी सुस्त

बॉनेटच्या आत : भाग ६

ऑइल बदलायला गाडी गॅरेजात लावली की एक सल्ला हमखास फुकट मिळतो. ‘आपल्याकडं ऊन किती! कंपनीचं ते पाण्यासारखं तेल तिकडच्या थंडीसाठी. जरा घट्ट टाकू, इंजिन वाचेल.’ सल्ला देणारा अनाडी नसतो. ज्या गाड्यांवर त्याचा हात बसला, त्या अँबॅसडर, पद्मिनी, जुन्या मारुती ८०० यांच्यात २०डब्ल्यू-४० सर्रास पडायचं आणि त्या वर्षानुवर्षं चालायच्या. पण तेच तेल ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या आजच्या इंजिनात ओतलं, तर इंजिन वाचायचं राहतं बाजूला, ते सुस्तावतं. ऊन आणि इंजिनातलं तेल यांचा जो संबंध आपण गृहीत धरतो, तोच मुळात तसा नाही.

मागच्या भागात ‘क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो’ एवढं म्हणून पुढं गेलो होतो. खरं तर इंजिन वेगात आलं की तो बेअरिंगला टेकतच नाही. ही गोष्ट उलगडली ती मोटारीच्या इंजिनात नव्हे, रेल्वेच्या आसासारख्या एका दांड्यावर. इंग्लंडच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सनं घर्षणाचे प्रयोग बीचम टॉवर या इंजिनिअरकडं सोपवले होते. त्याची मांडणी साधी होती : चार इंच जाडीचा आडवा दांडा, त्याची खालची बाजू तेलात बुडालेली, वर पितळी बेअरिंगची अर्धी वाटी आणि तिच्यावर भार. वरूनही तेल सोडता यावं म्हणून टॉवरनं वाटीच्या माथ्यावर भोक पाडलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. तेल आत जायचं सोडून त्याच भोकातून वर येऊन सांडू लागलं. त्यानं बूच मारलं, ते हळूहळू वर सरकत बाहेर पडलं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही ढकलली गेली. शेवटी दाबमापक बसवला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढं गेला. बेअरिंगवर ठेवलेला सरासरी भार याच्या निम्माच होता. हा अहवाल १८८३चा.

फिरता दांडा तेलाला स्वतःबरोबर ओढत निमुळत्या फटीत कोंबत होता आणि तिथं तयार झालेल्या दाबावर सगळा बोजा तरंगत होता. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८६ साली याचं गणित मांडलं. त्याचं समीकरण बेअरिंगची रचना करताना आजही वापरतात. पावसाळ्यात एक्स्प्रेस-वेवर साचलेल्या पाण्यात वेगानं शिरलेल्या गाडीचं टायर रस्ता सोडून पाण्यावर उचललं जातं, ते याच न्यायानं. जे तिथं जिवावर बेततं, त्याच्याच जिवावर इंजिन चालतं. ऑइल पंप हा भार उचलत नाही, तो फक्त फटीपर्यंत तेल पोचवतो. उचलण्याचं काम दांड्याच्या फिरण्याचं.

आता आकार लक्षात घ्या. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. भार सर्वांत जास्त त्या जागी तेलाचा थर काही मायक्रॉन, क्वचित एका मायक्रॉनहूनही कमी उरतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. हा थर किती जाड राहील, हे दांड्याचा वेग, त्यावरचा भार आणि तेलाचा घट्टपणा ठरवतात. तेल घट्ट तितका थर जाड, इथवर गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. पण घट्ट तेलातून फिरायला क्रँकशाफ्टला जोरही जास्त लागतो आणि तो जोर पेट्रोलमधूनच येतो. म्हणून इंजिन आखणारा माणूस फट, बेअरिंगची रुंदी, पृष्ठभागाची गुळगुळी आणि तेल हे सगळं एकत्रच ठरवतो. तेल हा त्या इंजिनाचा एक सुटा भागच समजा, पातळ असला तरी मापाचा.

मग ऊन? नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले, तरी चालत्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि तेल त्याच्या थोडं वर, शंभरीच्या अल्याडपल्याड असतं. म्युनिकच्या जानेवारीतही नीट तापलेल्या इंजिनात ते जवळपास तिथंच पोचतं. घाटात किंवा गाडी रेटून चालवली की चढतं, हे दोन्हीकडं सारखंच. तेव्हा तेलाच्या लेखी नागपूरचा मेसुद्धा थंडच म्हणायचा. ४० अंशांना २०डब्ल्यू-४० हे ०डब्ल्यू-२०च्या सुमारे तिप्पट घट्ट असतं. म्हणजे भर उन्हाळ्यातही गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं इंजिन गरजेपेक्षा घट्ट तेलातच फिरत असतं.

डब्यावरचे आकडे हेच सांगतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला : ०डब्ल्यूची चाचणी उणे ३५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. नंतरचा आकडा १०० अंशांचा. त्या तापमानाला २०चं तेल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्समध्ये (हे घट्टपणाचं माप) बसावं लागतं, ४०चं १२.५ ते १६.३मध्ये. पूर्ण तापल्यावरही जवळजवळ दुपटीचा फरक उरतो.

मायलेजमध्ये याचा हिशेब साधारण १ ते ३ टक्क्यांचा. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीत २ टक्के म्हणजे ३०० मीटर. एका माणसाला ते जाणवणारही नाही. कंपनीला मात्र जाणवतं, कारण २०१७ सालापासून आपल्याकडं तिच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेवर सरकारी निकष आहेत. पातळ तेलाच्या आग्रहामागं हेही कारण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण इंजिनही त्या तेलासाठी आखलेलं असतं. याची दुसरी बाजू अशी, की १०डब्ल्यू-३०साठी बनलेल्या दहा वर्षांच्या गाडीत ‘नवं ते चांगलं’ म्हणून ०डब्ल्यू-१६ ओतणं हाही तितकाच अडाणीपणा.

चालवताना फरक कळतो तो वेगळ्याच जागी. पूर्वी तेलानं वंगण घालावं, धातू थंड ठेवावा, मळ वाहून न्यावा एवढीच अपेक्षा होती. आता ते यंत्रं हलवतंही. वेगानुसार व्हॉल्व्ह थोडे लवकर किंवा उशिरा उघडावेत म्हणून कॅमशाफ्टला काही अंश पुढं-मागं वळवणारी व्हीव्हीटी यंत्रणा बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालते. कॉम्प्युटर सोलेनॉइडला हुकूम देतो, बारीक जाळीतून तेल जातं, मग कॅम वळतो. तेल फाजील घट्ट किंवा गाळानं भरलेलं असलं की कॅम मागं पडतो. एसटीला ओव्हरटेक करायला पाय दाबावा आणि गाडीनं क्षणभर विचार करत बसावं, असा अनुभव येतो तो अनेकदा यामुळं. गाळ फार झाला की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग महागडे सेन्सर बदलण्यापासून सुरुवात होते. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरही पुष्कळ गाड्यांत तेलाच्याच दाबावर बसतो. सकाळी सुरू करताना येणारी खडखड बहुधा त्याची.

टर्बो असेल तर प्रकरण आणखी नाजूक. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो, तोही तेलावर तरंगत, आणि शेजारून धगधगता धूर वाहत असतो. पसरणीचा घाट रेटून चढल्यावर पाचगणीत शिरताच चावी फिरवली, तर तिथं थांबलेलं तेल जागीच करपतं. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवावं, म्हणजे तेल उष्णता घेऊन खाली उतरतं.

थर दर वेळी टिकतोच असं नाही. इंजिन सुरू होताना, पिस्टन टोकाला क्षणभर थांबतो तिथं, कॅमच्या नाकावर धातू धातूला भिडतोच. त्यासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं रसायन असतं. ते धातूवर पातळ साय धरतं आणि धातूऐवजी स्वतः झिजतं. मात्र फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून त्याचं प्रमाण मोजून ठेवलेलं असतं. काउंटरवर ‘हे पण टाका साहेब, पिकअप वाढेल’ म्हणून मिळणारी बाटली हे माप बिघडवू शकते. कोणतंही तेल पिकअप वाढवत नाही; घर्षणात जाणारी ताकद थोडी वाचवतं, इतकंच.

काळ्या रंगाचंही असंच. डिझेल गाडीत नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्ये काळं होतं, कारण त्यातलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतं. तेच त्याचं काम. बोटावर घासून ‘दम संपला’ असं सांगणाऱ्याला काजळी दिसते. घट्टपणा टिकवणारे आतले पॉलिमर किती तुटले, आम्ल किती साचलं, ते बोटाला कळत नाही. त्यापेक्षा पुस्तकातले किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते पाळावं.

ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी मात्र महिन्यातून एकदा जरूर काढून पाहावी, आणि एप्रिल २०२०नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर पातळी वाढली आहे का, हेही पाहावं. धुरातली काजळी अडवणाऱ्या डीपीएफ या गाळणीत साचलेली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल फवारतात. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असल्या तर ते जाळणं अर्ध्यात तुटतं आणि थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. पट्टीवर तेल ‘मॅक्स’च्या वर दिसतं, मालक खूश होतो, आणि क्रँकशाफ्टखालचा थर तेवढाच पातळ झालेला असतो. अशा वेळी किलोमीटर मोजत बसू नये. ऑइल, फिल्टर दोन्ही बदलावेत आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी.

(पुढच्या आठवड्यात : कूलंटमध्ये नळाचं पाणी का चालत नाही)