बिनदंडाची गैरहजेरी

कोल्हापूर संस्थानात 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. शाळेच्या वयाचं पोर घरी ठेवलं, गुरांमागे धाडलं, तर आईबापाला महिना एक रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. पोर शाळेत बसवलेलं परवडलं, असं बापाला वाटावं हाच त्यामागचा हिशेब होता.

त्याच कोल्हापुरात शंभर वर्षांनी प्रश्न उलटा होऊन आला आहे. पुण्या-मुंबईत मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं आता एकमेकांना ओळखून आहेत. इकडे तशी घरं विरळ. पण ‘आपणही करून बघावं का?’ हा विषय ज्युनिअर केजीच्या फीच्या पावतीबरोबर राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्येही निघतो. करोनाच्या दीड-पावणेदोन वर्षांत लहान वर्ग बंद राहिले, त्याआधी 2019 च्या महापुराने शाळा बंद ठेवल्या, आणि मूल घरी बसून काय शिकतं, काय शिकत नाही, हे आईबापांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं. काहींनी शाळा उघडताच देवाचे आभार मानले. काहींच्या डोक्यात मात्र किडा वळवळत राहिला.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. शिक्षण हक्क कायदा 2010 च्या एप्रिलपासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे सहा वर्षांपर्यंत मूल बालवाडीत गेलं काय, घरात खेळलं काय, कायदा त्याची सक्ती करत नाही. सहानंतर कलम 10 पालकांना सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे तुमचं कर्तव्य. पण पालकांना दंड-शिक्षा मात्र त्या कायद्यात कुठे लिहिलेली नाही. शाहूंचा रुपया तिथे नाही. घरशाळेला परवानगी आहे असंही त्यात म्हटलेलं नाही. त्यामुळे घरी शिकवणारं कुटुंब एका न नोंदलेल्या गैरहजेरीत राहतं. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले, की ही गैरहजेरी जाणवते. 4 जुलै 2015 ला राज्यभर एकाच दिवसात असं सर्वेक्षण झालं होतं, मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. ती मोहीम वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या पालांतल्या मुलांसाठी होती आणि असायलाच हवी. घरी इंग्रजी पुस्तकांचं कपाट असलेल्या मुलाचं काय करायचं, याचं उत्तर त्या बिचाऱ्या गुरुजींकडेही नसतं.

परीक्षांचे रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या धरल्या जातात. राज्य सरकारनेही 2017 साली मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केलं, तिथे पाचवी आणि आठवीला बसता येतं. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे तीन पिढ्यांना ठाऊक आहे. आणि कलम 4 मुळे मध्येच शाळेत परतायचं ठरवलं तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. थोडक्यात, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘पुढे दाखल्याचं काय?’ या धास्तीने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. झोप उडावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिचं उदाहरण कोल्हापूरशीच जोडलेलं आहे.

पोस्टात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी बदली होऊन कोल्हापुरात आले ते 1878 च्या सुमाराला. बायको आनंदी जेमतेम तेरा वर्षांची. तिला शिकवायचं हा गोपाळरावांचा ध्यास. अमेरिकेत तिची सोय व्हावी म्हणून त्यांनी मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं, ते इथूनच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: 1886 साली ती फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, कोल्हापूर दरबारने तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयात, स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं, आणि ते हाती घेण्याआधीच फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात ती गेली. घरच्या शिकवणीचं याहून मोठं यश मराठी माणसाला दाखवता येणार नाही. पण याच आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिताना लहानपणी अंगावर आलेल्या लाकडांची, फेकून मारलेल्या पुस्तकांची आणि खुर्च्यांची आठवण करून दिली होती. शिकवणाराच घरातला कर्ता असला, की विद्यार्थ्याने दाद मागायची कोणाकडे? शाळेत निदान शेजारच्या वर्गातल्या बाई असतात, मधली सुट्टी असते, घरी जाऊन सांगायची सोय असते.

आजच्या सुजाण घरात कोणी लाकूड उगारत नाही, हे मान्य. पण ‘एवढं सोपं गणित येत नाही तुला?’ हे वाक्य आईच्या तोंडून आलं, तर त्या मुलाला दुसरी आई मिळणार नाही. म्हणून घरशाळेचं नियोजन करताना पहिली ओळ विषयांची नसावी, माणसांची असावी. मुलाकडे आठवड्यातून एकदा तरी नीट लक्ष देणारं, आईबाप सोडून, कोण आहे? आत्या, निवृत्त शिक्षक असलेले आजोबा, तालमीतले वस्ताद, चित्रकलेच्या बाई, कोणी का असेना. आणि त्या माणसाने ‘पोरगं हल्ली गप्प गप्प आहे’ असं म्हटलं, तर ते ऐकून घ्यायची तयारी आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं नाहीत, त्या घराने सरळ शाळा गाठावी, असं माझं मत आहे.

आता वेळापत्रक. नव्या उत्साहात भिंतीवर रंगीत तक्ता लागतो: नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित, दहाला दूध. पंधरा दिवसांत तक्त्याचा कोपरा सुटून लोंबायला लागतो. चाळीस मुलांना एका छपराखाली सांभाळायचं म्हणून शाळेला तास पाडावे लागतात. एका मुलाला त्याची गरज नाही. तीन ते सहा वयाच्या मुलाला बसून करायचं काम दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरे. सहा ते आठला दीड-दोन तास, तेही सकाळी, ताजंतवानं असताना. त्यात मोठ्याने वाचून दाखवणं आणि मुलाने वाचणं रोजचं, थोडं लिहिणं रोजचं, आकडेमोड रोजची. बाकी सगळं फिरतं. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. ‘किशोर’चे जुने अंकही. महागड्या माँटेसरी पेट्या मागवण्याआधी ताराबाई मोडकांनी काय केलं ते आठवावं. 1945 साली बोर्डीला काम सुरू केल्यावर परदेशी धर्तीची साधनं तिथल्या मुलांना परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साधनं उभी केली. अरविंद गुप्तांची टाकाऊतली खेळणी ही त्याच वाटेवरची.

मग उरलेला दिवस कशाने भरायचा? इथे कोल्हापूर मदतीला येतं, आणि इथे माझी लेखणी जरा सैल सुटणार.

दिवाळीनंतर करवीर, पन्हाळा, कागल, कुठल्याही बाजूला निघा, गुऱ्हाळाचा वास येतो. सात वर्षांच्या पोराला घेऊन एक सकाळ तिथे बसावं. चरकातून निघालेला रस हिरवट, गढूळ. काहिलीखाली चुलवाणात जाळायला दुसरं काही नाही, उसाचीच वाळलेली चिपाडं. रस तापू लागला की ठेचलेल्या भेंडीच्या रोपांचं बुळबुळीत पाणी त्यात सोडतात, आणि मळी धरून वर येते. झाऱ्याने ती काढत राहायचं. फेस उसळतो, रंग बदलतो, बुडबुडे आधी बारीक, मग जाड, मग फुटताना आवाज करणारे. गुळव्या घड्याळ बघत नाही, तापमापकही बघत नाही. थोडासा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळते का बघतो आणि हात वर करतो. की काहील वाफ्यात उपडी. पोराला काकवी चाटायला मिळते ते वेगळंच.

याचं पुढे काय करायचं, ते नियोजन. जाण्याआधी मुलाला एकच प्रश्न द्यावा: रस घट्ट कशामुळे होतो? आल्यावर त्याने सांगायचं आणि मोठ्यांनी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या हातापेक्षा फार पुढे धावत असतं, लिहायला लावलं की सांगणंच आटतं. दुसऱ्या दिवशी त्याच मजकुरातलं एक वाक्य त्याने बघून लिहावं. टनभर उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. मग बाकीचं गेलं कुठे? वाफ, चिपाड, मळी. एक किलोच्या किती ढेपा, दहाच्या किती? घरात एक भेंडी पाण्यात चुरगाळून बघायची. बाजारात पिवळाधमक गूळ आणि काळसर गूळ शेजारी ठेवून किंमत विचारायची, पिवळा कशाने होतो तेही विचारायचं; दुकानदार जरा चुळबुळतो, ते उत्तरही शिकण्यासारखं असतं. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघायला मिळाले तर सोन्याहून पिवळं. एका सकाळीवर दहा-बारा दिवस निघतात. विज्ञान, गणित, भाषा असे कप्पे पाडायची गरज पडत नाही, आणि आईला रोज रात्री ‘उद्या काय?’ म्हणून इंटरनेट धुंडाळावं लागत नाही.

टाऊन हॉलच्या संग्रहालयातली ब्रह्मपुरीला सापडलेली छोटी कांस्यमूर्ती अशीच. समुद्राचा देव, रोमन जगातला, आणि सापडला पंचगंगेच्या काठी! तो इथवर आला कसा, एवढ्या प्रश्नावर नकाशा उघडतो, घाट दिसतात, कोकणातली बंदरं दिसतात. फुटबॉलचा हंगाम असला तर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर नेऊन गुणतक्ता करायला लावावा. बेरीज-वजाबाकी पेठेच्या अभिमानासाठी असली की चुकत नाही.

पण स्टेडियमवर पोरगं प्रेक्षक असतं. सोबती कुठून आणणार? इथे घरशाळेचा पाय लंगडा पडतो. लीलाताई पाटील शाळा-पद्धतीवर नाराज होत्या, अध्यापक घडवणाऱ्या महाविद्यालयात आयुष्य काढल्यावर. त्यांनी 1985 साली कोल्हापुरात काय केलं? शाळाच काढली, ‘सृजन आनंद’. परिसरातून शिकणं, प्रकल्प, मुलांना बोलतं करणं, हे सगळं त्यांनी मुलांच्या घोळक्यात, मराठीतून केलं. भांडण, वाटणी, रुसवा, समेट यांचा अभ्यास एकट्या मुलाला घरात देता येत नाही. त्यामुळे घरी शिकवायचंच असेल तर रोज संध्याकाळी ठरावीक मुलांबरोबरचं मैदान, तालीम किंवा गल्ली हे वेळापत्रकातलं सगळ्यात पक्कं खातं हवं. पाहुणे आले म्हणून गणित बुडालं तरी चालेल, हे बुडता कामा नये.

आणखी एक हिशेब उघडपणे मांडलेला मला फारसा दिसत नाही. घरशाळेच्या चर्चेत बाप ‘आम्ही ठरवलं’ म्हणतो. मुलाजवळ बसते आई. नोकरी तिची सुटते, दुपार तिची जाते, सासूचे टोमणेही तीच खाते. बैठकीत ‘आम्ही’ म्हणणाऱ्या बापाच्या नावावर आठवड्याचे कोणते तास आहेत, ते सुरुवातीलाच लिहून काढावं. 2016 साली मुंबईतल्या एका मुलीला शाळेचा दाखला नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, त्याच्या बातम्या घरशाळेच्या बाजूने अजून फिरवल्या जातात. सातवीत शाळा सोडलेली ती मुलगी संगणक ऑलिंपियाडची पदकं घेऊन गेली होती, तिच्यामागे आईने नोकरी सोडून दिलेली वर्षं होती, आणि बारावीची गुणपत्रिका नसल्याने आपल्या आयआयटीचं दार तिला बंदच होतं. बातमी फिरवताना हे तिन्ही तपशील गाळू नयेत.

नोंदवहीबद्दल थोडं. रोज पानभर लिहिण्याची शपथ कोणी पाळत नाही. तारीख, काय केलं, मूल काय म्हणालं, अशा तीन ओळी पुरतात. महिन्याला त्याच्या हस्ताक्षराचं एक पान आणि एक चित्र, तारीख घालून, फाईलला. तोंडी वाचनाचं मोबाइलवर एक ध्वनिमुद्रण. सहा महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं पान शेजारी ठेवलं की प्रगती आहे की मनाची समजूत, हे कळायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. आठ पूर्ण झाली तरी मूल सोपा उतारा अडखळत वाचत असेल आणि दोन अंकी वजाबाकीत अडत असेल, तर ‘त्याच्या गतीने होईल’ हे वाक्य बाजूला ठेवून कोणाची तरी मदत घ्यावी. डोळे, कान आणि वाचनातली अडचण तपासून घ्यावी.

निर्णय दर वर्षी एप्रिलमध्ये नव्याने घ्यावा, मुलालाही विचारून. शाळेत घालायचं ठरलं तर जन्मदाखला, आधार आणि ती फाईल घेऊन जूनआधीच मुख्याध्यापकांना भेटावं. फाईल ते उघडतीलच असं नाही. मात्र वर्गशिक्षिकेला एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवावी: तिसरीत बसवलेलं हे मूल पहिले काही आठवडे परवानगी न विचारता उठून पाणी प्यायला जाईल, आणि ‘हे कशावरून?’ असं मध्येच विचारेल. पहिली सवय मोडली तरी चालेल.