न दिसणाऱ्या रेणूची नाडी



आपल्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्याच्या बंदरात, २००५ पासून जहाजांतून द्रवरूप नैसर्गिक वायू उतरतो. त्यातला मुख्य घटक मिथेन. तो द्रव राहावा म्हणून उणे १६० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावा लागतो. तेव्हा त्याचे आकारमान सुमारे सहाशेव्या भागावर येते. उलट आपले खोबरेल तेल डिसेंबरच्या पहाटे बाटलीतच गोठते. हा फरक रेणूंच्या आपसातल्या ओढीचा. पण रेणू डोळ्यांना दिसत नाही. मग ती ओढ मोजायची कशी?

इंग्रज शास्त्रज्ञ जॉन लेनर्ड-जोन्स यांनी १९२४ साली या ओढीचे सोपे गणित मांडले. दोन रेणू फार जवळ आले की एकमेकांना ढकलतात, थोडे दूर असले की ओढतात, खूप दूर गेले की एकमेकांना विसरतात. एवढे सांगायला दोन आकडे पुरतात : रेणूचा आकार आणि ओढीचा जोर. जोर तापमानाच्या भाषेत, केल्व्हिनमध्ये सांगतात. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्व्हिन होतात.

हे आकडे बाहेरून काढता येतात. प्रत्येक वायूचे एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाही. मिथेनचे हे तापमान १९०.६ केल्व्हिन, म्हणजे उणे ८२.६ अंश सेल्सिअस. अनुभवसिद्ध नियम असा, की याला ०.७७ ने गुणले की ओढीचा जोर मिळतो : सुमारे १४७. त्याच अवस्थेतल्या आकारमानावरून रेणूचा व्यास निघतो : सुमारे ३.९ अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

दुसरी वाट श्यानतेची, म्हणजे वाहताना होणाऱ्या अंतर्गत अडथळ्याची. कढईतले तेल तापले की पातळ होते. वायू तापला की उलट त्याची श्यानता वाढते. ती किती वाढते, यावरून मिथेनचा जोर सुमारे १४९ आणि व्यास ३.७६ निघतो. दोन वेगळ्या वाटा जवळजवळ एकाच दारी पोचल्या, म्हणून भरवसा वाटतो.

मात्र श्यानता एकाच तापमानाला मोजली तर फसगत होते. मोठा पण कमी ओढीचा रेणू आणि लहान पण जास्त ओढीचा रेणू, दोघांची श्यानता सारखी भरू शकते. म्हणून मोजणी अनेक तापमानांना करावी लागते. पाण्यासारख्या रेणूंची ओढ तर सर्व दिशांना सारखी नसते. तिथे हे दोन आकडेही अपुरे पडतात.

उमेदीच्या काळात मी एकदा नुसता ताप पाहून औषध दिले होते. पुढे रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला. लक्षण खरे होते, पण ते एकटेच होते. आम्हां जैनांत ज्याला अनेकान्त म्हणतात त्याचा अर्थ मला तेव्हा नीट उमगला : एका बाजूने पाहिलेले खोटे नसते, अपुरे असते.

शेवटी माझ्या धंद्याला बोचणारी गोष्ट. १८६५ साली लोश्मिट यांनी वायूची श्यानता आणि द्रवाचे आकारमान यांची सांगड घालून रेणूच्या व्यासाचा पहिला अंदाज बांधला. त्यातून रेणूंची संख्या मोजण्याची वाट उघडली. आज आपण जाणतो, की १८ ग्रॅम पाण्यात सहावर तेवीस शून्ये एवढे रेणू असतात. आमच्या तीस पोटेन्सीच्या औषधात मूळ द्रव्य एकावर साठ शून्ये इतके पातळ केलेले असते. म्हणजे गोळीत त्याचा एकही रेणू सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. ज्या मोजमापाचे आतापर्यंत कौतुक केले, त्याचा हा निकाल मला गैरसोयीचा म्हणून नाकारता येत नाही. गुण आला, असे रुग्ण सांगतात. पण तीही एकटीच साक्ष. म्हणून आजही ताप घेऊन कुणी आले, की मी त्याला आधी रक्त तपासायला पाठवतो.